आठशे एक्केचाळीस ठसे

निगवेमाळच्या दूध संस्थेत पारखी यंत्र बसून दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या काळात त्याने कुणाची भीड ठेवली नव्हती. पूर्वीच्या मापाड्याला चहा पाजता यायचा. दुधात तांब्याभर पाणी गेलंच असेल, तर त्याच्या बायकोच्या गुडघ्यांची विचारपूस करत वेळ मारून नेता यायची. या यंत्राला ना चहाची तलफ, ना बायको. तरी गावातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याला बाई करून टाकलं. 'पारखीबाई' म्हणायच्या आणि तिच्यासमोर कॅन ठेवताना डोक्यावरचा पदर सारखा करायच्या.

पारखीबाईचं काम तसं समजायला सोपं होतं. अंगठ्याएवढ्या काचेच्या वाटीत चमचाभर दूध पडायचं आणि त्यातून एका रंगाचा बारीक प्रकाशझोत जायचा. दुधातले स्निग्धाचे कण, प्रथिनांच्या साखळ्या, क्षार यांच्यावर आपटून तो विखुरायचा आणि विखुरताना किंचित रंग बदलायचा. हा बदल प्रत्येक गोठ्याचा निराळा असतो. म्हैस कोणत्या जातीची, कितव्या वेताची, कोणत्या विहिरीचं पाणी पिते, उसाचं वाडं खाते की कडबा, हे सगळं त्यात उमटतं. या उमटलेल्या नक्षीला संस्थेत 'ठसा' म्हणत. प्रत्येक सभासदाचा ठसा त्याच्या क्रमांकासह एका फाइलमध्ये साठवला होता, असे एकूण आठशे एक्केचाळीस. आलेलं दूध आपल्या ठशाशी जुळलं की हिरवा दिवा, नाही जुळलं की लाल, म्हणजे दूध बाहेरचं किंवा भेसळीचं. निकाल अकरा सेकंदांत. लाल शेरा तालुक्यातल्या सगळ्या संस्थांच्या यंत्रांना त्याच क्षणी कळायचा, म्हणजे इथे नाकारलेलं दूध शेजारच्या गावात घालायचीही सोय नाही.

या पारखीबाईची राखण रेवती मगदूमकडे होती. इचलकरंजीतून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती लग्न होऊन या गावात आली, तेव्हा कॉम्प्युटरवाली सून म्हशीच्या घरात काय करणार असं लोक उघड विचारत. नवरा भूपाल फाउंड्रीत कामाला, घरी सासू आक्काताई आणि दोन म्हशी. यंत्र आलं तेव्हा संस्थेला ते चालवणारं माणूस हवं होतं आणि रेवती घरापासून दोनशे पावलांवर होती. तिचं नशीब असं, की या यंत्राला गावातून सगळ्यात मोठा विरोध तिच्या सासूनेच केला होता. आक्काताई सभासद क्रमांक चार. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या बारा बायकांनी आक्काताईंच्याच सोप्यात दूध गोळा करून ही संस्था उभी केली, त्यातल्या त्या एक. "दूध बघायला नाक हाय, जीभ हाय," त्या भर सभेत म्हणाल्या होत्या, "त्याला आणि कंदील कशाला दावायचा?"

खंडेनवमीला संस्थेत यंत्रांची पूजा असते. सकाळचं संकलन आटोपलं की सगळं थांबवायचं, पुसायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. मापाच्या काट्यापासून पारखीबाईच्या सर्व्हरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. त्या दिवशी पूजेआधी हायस्कूलच्या मुली यंत्र बघायला आल्या होत्या. रेवतीने त्यांना सरावाच्या फोल्डरमधून यंत्राचं काम दाखवलं, आणि तोवर पूजेचं ताट आलं म्हणून स्क्रीन तशीच सोडून ती उठली. नारळ फुटला, आणि चेअरमन दादासो इंगवले कुंकवाची बोटं धोतराला पुसत तिच्या खुर्चीत बसले.

"वैनी, चालू करायचा मान माझा. सांगा काय दाबायचं."

रेवतीने एकेक अक्षर सांगितलं. प्रोग्राम चालवणारा नोड हा शब्द, मग मोकळी जागा, मग पारखीच्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ता. दादासोंनी एका बोटाने सावकाश टाइप केलं. स्क्रीनवर एक ओळ उमटली, पंखे घरघरले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती ओळ कुणी वाचली नाही. रेवतीनेही नाही, कारण तिच्या हातात तेव्हा पेढ्यांचा बॉक्स होता.

संध्याकाळी आक्काताईंनी कॅन ठेवला आणि दिवा लाल झाला.

"पुन्हा लाव," आक्काताई म्हणाल्या.

पुन्हा लाल. स्क्रीनवर लिहून आलं, 'परकं दूध. ठशाशी जुळत नाही.' मागच्या रांगेतल्या बायका पुढे वाकून बघायला लागल्या. त्या संध्याकाळी सात जणींना लाल लागला आणि त्या सातही जणी संस्था काढणाऱ्या बारांपैकी होत्या. बाकीच्या पाचांपैकी तिघी वारल्या होत्या, दोघींनी म्हशी विकल्या होत्या. जिवंत आणि दुभत्या जनावराच्या जेवढ्या म्हणून होत्या, त्या सगळ्या चोर ठरल्या.

सलग पाच लाल शेरे झाले की दूध बंद आणि नाव बाहेरच्या फळ्यावर, हा नियम. फळा लिहायचं काम रेवतीचं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी तिने खडू घेतला आणि लिहिलं, 'परक्या दुधाचे सभासद'. खाली सात नावं. आक्काताई भाऊसो मगदूम हे नाव लिहिताना 'म' वाकडा आला. तो तिने पुसून पुन्हा सरळ काढला, याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

गावाने गोष्ट जुळवून टाकली. सातही जणी एकत्र उठबस करणाऱ्या, सातही जणींचा यंत्राला विरोध, दिवाळी तोंडावर आलेली. यंत्र खोटं पाडायला म्हाताऱ्यांनी कट केला आणि स्वतःच सापडल्या, असं दुकानात, देवळात, पिठाच्या गिरणीत ठरलं. घरात दूध साचायला लागलं. आक्काताईंनी खवा केला, दही लावलं, तूप कढवलं. शेजारच्या सुमनकाकूंना तांब्याभर दूध धाडलं, तर त्यांनी तो तांब्या झाकण न उघडता परत पाठवला. बत्तीस वर्षांत आक्काताईंचा तांब्या कुणी परत पाठवला नव्हता.

त्या दिवसापासून आक्काताई सुनेशी बोलायच्या बंद झाल्या. ताट वाढायच्या, भाकरी गरम द्यायच्या, पण शब्द नाही. रेवतीला ते मारापेक्षा वाईट लागायचं. भूपाल दोघींच्या मधे बसून मुकाट जेवायचा आणि हात धुवायला जरा जास्तच वेळ लावायचा. शेवटी एका दुपारी रेवतीच म्हणाली, "आत्ती, एकदा तरी विचारा मला."

"काय विचारू? तू हातानं नाव लिवलंस माझं."

"मशीन जे दाखवतं तेच लिहावं लागतं मला."

"आणि तुझं काय? तुला काय वाटतं?" आक्काताईंनी पहिल्यांदा मान वर केली. "तू माझ्या हातचं दूध पितीस दोन वरसं. म्या परकं दूध घालीन, व्हय?"

रेवती म्हणाली, "नाही." पण म्हणायच्या आधी ती क्षणभर थांबली. तेवढं आक्काताईंना पुरलं, त्या उठून गोठ्यात गेल्या.

कंपनीचा इंजिनिअर निमिष पुण्याहून स्क्रीनवर भेटायचा. गोड बोलणारा, कानात बोंडं घातलेला मुलगा. त्याने दुरूनच सर्व्हरवर प्रवेश केला, प्रोग्रामची स्वतंत्र चाचणी लावली आणि पाच मिनिटांत हसून म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे तर सगळं व्यवस्थित चालतंय. ठसे जुळतायत. मशीनचा प्रश्न नाहीये, माणसांचा आहे."

"सातजणींचाच कसा?"

"तुमच्या गावाचं राजकारण मला कसं कळणार?" तो म्हणाला. "आणि प्लीज कोडला हात लावू नका, वॉरंटी जाईल."

वसुबारसेला सभा ठरली. शेजारच्या तालुक्यातल्या पाच गावांचे चेअरमन यंत्र बघायला येणार होते, आवडलं तर घेणार होते. त्याच सभेत सातजणींनी छापील माफीपत्रावर सही करायची, म्हणजे सभासदत्व राहील. नाही केली तर नाव कायमचं काढायचं. माफीपत्राचे कागद घरपोच झाले. आक्काताईंनी आपला कागद चार घड्या करून पदराच्या गाठीत बांधला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी कॅन घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. दूध घेणार नाहीत हे माहीत असून. दिवा लाल झाला, त्यांनी बघितला, कॅन उचलला आणि ताठ मानेने परत गेल्या. संध्याकाळी पुन्हा आल्या. रोज दोनदा. तिसऱ्या दिवशी बाकीच्या सहाजणीही त्यांच्यासोबत यायला लागल्या. लाल दिवा लावून घ्यायला सातजणी रोज येतात, ही गोष्ट गावाला हसण्यासारखी वाटली, मग हळूहळू हसू येईना.

सभेच्या तीन दिवस आधी आक्काताई कॅन न घेता आल्या. त्यांच्या हातात दावं होतं आणि दाव्याला म्हैस. मोरणी नावाची, शिंगं पाठीपर्यंत वळलेली, दिवाळीच्या मिरवणुकीसाठी आधीच तासून तेल लावलेली. संस्थेच्या फरशीवर म्हशीचे खूर वाजले तसे दादासो आतून धावत आले.

"आक्का, हे काय नवीन?"

"तुझ्या बानं ह्या वट्ट्यावर माझं दूध पयलं मोजून घेतलंय, दादासो. सर बाजूला." आक्काताई मोरणीच्या कासेशी बसल्या, कास धुतली, पहिल्या चार धारा जमिनीवर सोडल्या. मग हात पुढे केला. "रेवती, ती काचंची वाटी काढून दे हिकडं."

वाटी यंत्रातून निघते, धुवायला काढावी लागते. रेवतीने ती दिली. साठ-सत्तर माणसांसमोर आक्काताईंनी मोरणीची धार थेट त्या वाटीत सोडली. दूध सडातून काचेत गेलं, मधे हवेशिवाय काही आलं नाही. रेवतीने वाटी बसवली, क्रमांक चार दाबला आणि अकरा सेकंद मोजले.

लाल. परकं दूध.

"म्हशीला काय तरी चारलं असंल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि दोघे-तिघे हसले. पण रेवती हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर आता मशीन आणि सासू यांतलं एक खोटं होतं, आणि सासूच्या हातातली धार तिने स्वतः बघितली होती. आपण त्या दुपारी का थांबलो, या विचाराने तिला रडू फुटलं. ते तिने लपवलं नाही. "आत्ती, माफ करा मला," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "शोधून काढते."

सकाळचा बिनड्रायव्हरचा टँकर भरून गेला, फरशी धुऊन झाली, आणि संध्याकाळच्या संकलनापर्यंत संस्था रिकामी झाली. रेवतीने दार लोटलं आणि स्क्रीनसमोर बसली. आतापर्यंत ती ठसे तपासत होती, प्रकाशाची नळी तपासत होती. आज तिने फक्त लाल लागलेल्यांचे क्रमांक एका कागदावर लिहिले. दोन, तीन, चार, सहा, सात, नऊ, अकरा. सगळ्यात लहान आकडे. म्हाताऱ्यांचा कट असेल तर कट, पण आकड्यांकडे बघितलं तर ते सरळ एका छोट्या यादीतले वाटत होते. कुठल्या यादीतले?

मग तिने पारखीची नोंदवही उघडली. यंत्र चालू होताना काय काय करतं ते त्यात ओळीने लिहून ठेवतं. खंडेनवमीच्या आधी प्रत्येक वेळी पहिली ओळ एकच होती, 'आठशे एक्केचाळीस ठसे वाचले.' खंडेनवमीला ती ओळ होती, 'बारा ठसे वाचले.'

बारा. बारा ठसे कुठे आहेत ते तिला पक्कं माहीत होतं. सरावाच्या फोल्डरमध्ये. कंपनीने शिकवण्यासाठी दिलेले, क्रमांक एक ते बारा, पुण्याजवळच्या कुठल्यातरी गोठ्यातल्या जर्सी गाईंचे.

ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढे सगळी सभा यावर फिरली. सर्व्हरवरच्या फाइली फोल्डरांत असतात, फोल्डर फोल्डरांत असतात, आणि मुळापासून फाइलीपर्यंतच्या वाटेला पाथ म्हणतात. पाथ दोन तऱ्हेने सांगता येतो. एक मुळापासून पूर्ण, गाव-गल्ली-घर असा. दुसरा अर्धा, म्हणजे 'इथून शेजारी' असा. पारखीच्या प्रोग्राममध्ये ठशांच्या फाइलीचा पत्ता अर्धा लिहिलेला होता. एका टिंबाने सुरू होणारा, म्हणजे इथल्याच फोल्डरमधली ठशांची फाइल उचल. आता प्रश्न असा, की 'इथं' म्हणजे कुठं? लिहिणाऱ्याला वाटलं, प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये राहतो तिथं. नोड तसं समजत नाही. प्रोग्राम चालू करताना आपण ज्या फोल्डरमध्ये उभे असू, ते फोल्डर 'इथं' धरतं. त्याला वर्किंग डिरेक्टरी म्हणतात. आक्काताईंनी 'शेजारच्या घरातनं विरजण आण' अशी चिठ्ठी लिहून ठेवली आणि ती चिठ्ठी कुणी सांगलीत उभं राहून वाचली, तर तो सांगलीतल्या शेजाऱ्याचं दार वाजवणार. चिठ्ठी कुठल्या घरात लिहिली याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

एकदा चालू केलेली पारखी सहसा बंद होत नसे, आणि पुन्हा चालू करावी लागली तर रेवती आधी संकलनाच्या फोल्डरमध्ये जायची, त्यामुळे दीड वर्ष 'इथं' बरोबर पडलं. खंडेनवमीला मुलींना सराव दाखवून ती तशीच उठली होती. दादासोंनी प्रोग्रामचा पूर्ण पत्ता टाइप केला, म्हणून प्रोग्राम बरोबर सापडला. पण उभे होते सरावात. पारखीने सरावातली ठशांची फाइल उचलली. ज्यांचे क्रमांक बारापर्यंत, त्यांचं म्हशीचं दूध जर्सी गाईच्या ठशाशी ताडलं. बाकीच्यांचा ठसाच सापडला नाही, तेव्हा म्हशीच्या दुधाच्या सर्वसाधारण मर्यादा लावून सगळ्यांना हिरवा दिला. म्हणजे आठशे एकोणतीस जण न तपासता पास. निमिष मात्र शहाण्यासारखा आधी योग्य फोल्डरमध्ये जाऊन चाचणी घेत होता, म्हणून त्याच्याकडे चालत होतं.

खात्री करायला तिने चालू असलेल्या पारखीला एका ओळीत विचारलं, तू कुठं उभी आहेस? उत्तर आलं, सराव.

ती दादासोंकडे गेली आणि सगळं सांगितलं. स्वतःची चूक आधी सांगितली. दादासो बराच वेळ पानाच्या डब्याचं झाकण उघडझाप करत बसले.

"बंद करून परत चालू केलं की झालं?"

"झालं. पण..."

"मग करून टाका. आज सांजच्याला त्यांचं दूध हिरवं. सातीजणींनी त्या कागदावर एक सही करायची, विषय मिटला. तुमचं नाव कुठं येत न्हाई, माझं न्हाई. पाच गावची माणसं येणार हाईत, वैनी. आमच्या यंत्राला पूजेनं वेड लागलं म्हणून सांगू?"

"सही केली म्हणजे त्यांनी चोरी केली असं होतंय."

"कागद हाय तो नुसता."

"मग तुम्ही करा सही," रेवतीच्या तोंडून निघून गेलं. दादासोंनी झाकण लावलं ते जोरातच.

संध्याकाळी गोठ्यात आक्काताई मोरणीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. रेवतीने चिठ्ठी आणि विरजणाची गोष्ट सांगितली, दादासोंचं म्हणणंही सांगितलं. "आत्ती, चूक माझी. मी खुर्चीतनं उठताना फोल्डर बदलला नाही आणि ती ओळ वाचली नाही. तुम्ही म्हणाल तर आत्ता जाऊन चालू करते. उद्या सकाळी हिरवा दिवा."

आक्काताईंनी मोरणीपुढे वैरण सारली. मग म्हणाल्या, "गुपचूप हिरवा झाला, तर लोक काय म्हणतील? म्हातारीनं भ्यून चोरी बंद केली."

"हो."

"मग तीन दिस लाल असू दे. मला सवय झालीय." त्यांनी रेवतीच्या खांद्यावर हात ठेवला, शेणाचाच. "सभेत सांगशील? समद्यांच्या म्होरं?"

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. म्हशी हाईत."

वसुबारसेच्या सकाळी लोक आले तेव्हा फळ्यावर आठवं नाव होतं. रेवती भूपाल मगदूम. कुणी विचारलं तर ती म्हणायची, सभेत सांगते. हॉल भरला. पाच गावांचे चेअरमन पुढच्या खुर्च्यांवर, निमिष स्वतः पुण्याहून आलेला, टेबलावर पारखीबाई झेंडूची जुनी माळ घालून. दादासोंनी माफीपत्रांचा विषय काढला तशी रेवती उठली.

"आधी एक प्रयोग बघा. चेअरमनसाहेबांच्या घरचं सकाळचं दूध आहे, क्रमांक दोनशे सोळा. आणि हे माझ्या सासूबाईंचं, क्रमांक चार."

तिने दादासोंच्या घरचं दूध वाटीत घातलं आणि क्रमांक चार दाबला. लाल. परकं दूध. हॉलमध्ये कुजबुज उठली. वाटी धुतली, आक्काताईंचं दूध घातलं, क्रमांक दोनशे सोळा दाबला. हिरवा.

"म्हणजे चेअरमन चोर का आत्ती साव?" रेवतीने विचारलं. "दोघंही नाहीत. पारखीबाई दूध बघतच नाहीये. अठरा दिवस ती जर्सी गाईंचे ठसे हातात धरून बसलीय."

मग तिने खंडेनवमीपासूनची गोष्ट सांगितली, चिठ्ठीची आणि शेजाऱ्याची. बायकांना ती पुरुषांच्या आधी कळली. निमिष उठला, "मॅडम, हे वापरणाऱ्याच्या चुकीमुळे..." एवढं म्हणाला.

"चूक माझी, नाव लिहिलंय मी फळ्यावर," रेवती म्हणाली. "पण माणूस कुठं उभा आहे त्यावर ज्याचा न्याय बदलतो, ते तुमच्या लिहिण्यातही चुकलंय. आता बघा." तिने सगळ्यांदेखत कोडला हात लावला. वॉरंटीच्या नावाने निमिषने डोळे मिटले. ठशांच्या पत्त्याची ती एक ओळ तिने बदलली. टिंबाच्या जागी डिरनेम आलं, म्हणजे प्रोग्रामची स्वतःची फाइल जिथं राहते ते फोल्डर. पत्ता आता उभं राहण्याच्या जागेवरून नाही, प्रोग्रामच्या स्वतःच्या घरापासून मोजला जाणार होता. मग पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्या चेअरमनला तिने बोलावलं. "तुम्हाला वाटेल त्या फोल्डरमध्ये जाऊन चालू करा. मुद्दाम सरावातच जा."

पाहुण्यांनी सरावात जाऊन चालू केलं. रेवतीने पहिली ओळ मोठ्याने वाचली. "आठशे एक्केचाळीस ठसे वाचले."

आक्काताईंचं दूध, क्रमांक चार. अकरा सेकंद. हिरवा. सातही जणींचं दूध एकामागून एक हिरवं झालं. टाळ्या वाजायला लागल्या आणि दादासो, वारा फिरला हे ओळखून, फळा पुसायचं फडकं शोधायला लागले.

"थांब," आक्काताई म्हणाल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, चार घड्यांचा कागद उघडला आणि टेबलावर सरळ केला. "हितं सही र्‍हायलीय."

"आक्का, आता कशाला ती सही?"

"माझी न्हवं. तुझी. सभासदानं माफी मागितली लिवलंय, तिथं संस्थेनं मागितली असं कर. आणि तालुक्याच्या समद्या यंत्रांना धाड. आमचं लाल शेरं जिथं जिथं गेलं, तिथं तिथं हे बी जाऊ दे."

दादासोंनी पाहुण्यांकडे बघितलं, हॉलकडे बघितलं. हॉलमधल्या बायका हसत नव्हत्या. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, 'सभासद' खोडून वर 'संस्था' लिहिलं आणि सही केली. बाकीच्या सहाजणी आपापले कागद घेऊन रांगेत उभ्या होत्याच. सात सह्या होईपर्यंत कुणी हललं नाही.

"आणि ह्या पोरीचं काय करायचं?" कुणीतरी फळ्यावरचं आठवं नाव दाखवत विचारलं.

"चूक करून सांगणारी संस्थेत एकच हाय," आक्काताई म्हणाल्या. "तिला घालवून कुणाला ठेवताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काताई रांगेत पहिल्या होत्या. रेवतीने वाटी पुढे केली, पण आक्काताईंचा हात कॅनच्या झाकणावरून हलला नाही.

"किती वाचलं?" त्यांनी विचारलं.

रेवतीने स्क्रीनवरची ओळ वाचली. "आठशे एक्केचाळीस."

तेव्हा कुठे झाकण निघालं. त्यानंतर ती रीतच पडली. रांगेतली पहिली बाई विचारणार, यंत्रावर बसलेलं माणूस आकडा मोठ्याने वाचणार, आणि तो बरोबर असल्याशिवाय एकही कॅन उघडायचा नाही. पाहुण्या गावांपैकी तिघांनी यंत्र घेतलं आणि रीतही नेली. निगवेमाळच्या संस्थेतही वर्षभरात बारा नवे सभासद आले.

पुढच्या खंडेनवमीला नारळ फुटला आणि दादासो खुर्चीत बसले. मान त्यांचाच होता, तो कुणी काढून घेतला नव्हता. त्यांनी एका बोटाने टाइप केलं, पंखे घरघरले. टाळ्या वाजल्या नाहीत. भिंतीला लागून बायका कॅनवर हात ठेवून उभ्या होत्या.

"किती?" आक्काताई म्हणाल्या.

दादासोंनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांना लावला आणि वाकून ती ओळ वाचली.

"आठशे त्रेपन्न, आक्का."

"मोठ्यानं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दादासोंनी ती पुन्हा वाचली.